भंडारदऱ्याचा तंबू, शिंपिणीच्या नजरेतून

कल्याणला माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. त्यामुळे तंबूत शिरल्यावर बाकीचे फोटो काढत असतात तेव्हा मी टीप बघत असते. हा अभिप्राय त्याच नजरेने वाचावा. मी, माझी नणंद आणि कॉलेजात जाणारी भाची, अशा तिघी डिसेंबरात भंडारदरा जलाशयाच्या मुरशेतकडच्या काठावर एका कॅम्पमध्ये राहून आलो. कॅम्पचं नाव मुद्दाम देत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्या शे-दोनशे रुपयांत दुरुस्त होतील, पण नाव एकदा इथे चढलं की निघत नाही.

जागा आधी सांगते. मालकाची ही भातखाचरं. पीक काढून झालं की बांधाबांधाने उतरत गेलेल्या खाचरांत तंबू लागतात. भातकापणीनंतर जमिनीत धसकटं उरतात आणि ती खालून टोचतात. शिवाय खाचराची माती ओल धरून ठेवते. मालकाने प्रत्येक तंबूखाली पेंढ्याचा जाड थर टाकला होता, त्यावर ताडपत्री, मग तंबू. या एका गोष्टीसाठी मी त्याला निम्मे गुण तिथेच देऊन टाकले. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, पण रात्री पाठ गारठते ती जमिनीमुळे. पांघरूण कितीही जाड असलं तरी अंगाखाली दबलेला कापूस चपटा होतो आणि त्याची ऊब संपते. कॅम्प ठरवताना फोनवर ‘ब्लँकेट देता का’ हे सगळेच विचारतात. ‘खाली काय घालता’ हे विचारा.

आता तंबू. घुमटाच्या आकाराचे, तिघांचे म्हणून सांगितलेले. त्यात तिघी मावतात, पण सामान पायाशी घेऊन, कूस एकीने वळली की तिघींनी वळायची. दोघांना प्रशस्त. कापड दुहेरी: आतला तंबू साध्या, हवा जाणाऱ्या पॉलिएस्टरचा आणि जाळीचा, वरचं आच्छादन पाणी न शिरणारा लेप दिलेलं. सुई जिथे जिथे जाते तिथे भोक पडतं, म्हणून बाहेरच्या आच्छादनाच्या प्रत्येक जोडावर आतून एक पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवलेली असते. बोट फिरवून बघितलं. आमच्या तंबूची पट्टी दाराच्या कोपऱ्यात वीतभर सुटली होती. तंबू ओला असतानाच घडी करून ठेवला की हे होतं. डिसेंबरात चालून जाईल, पावसाळ्यात नाही. दुसरं म्हणजे दाराच्या चेनचा रनर ढिला. चेन लागते, पण मागून दात उघडे राहतात. मी पक्कड मागून रनर दोन्ही बाजूंनी हलका दाबून दिला आणि चेन नीट बसली. मालक म्हणाला, “मावशी, बाकीचे पण बघून द्या ना.” दिले. तेवढ्यावर सकाळचा दुसरा चहा फुकट झाला.

पहाटे भाचीने उठवलं, “मामी, तंबू गळतोय.” वरच्या आच्छादनाला आतून थेंब लोंबत होते. जोड मी आदल्या संध्याकाळीच पाहिले होते आणि पाऊस तर नव्हताच. तिघींचा रात्रभरचा श्वास होता तो. बाहेर गार, आत कोमट, मग वाफ कापडावर जमणारच. थंडी वाजते म्हणून पोरीने झोपताना वरची हवेची झडप बंद करून टाकली होती. झडप उघडी ठेवा, दाराची चेनही वरून चार बोटं उघडी ठेवा. अंगावर पांघरूण वाढवा, पण तंबूचं तोंड आवळू नका. आणि आतून कापडाला बॅग टेकवून ठेवू नका, टेकलेली वस्तू ओली होते.

झोपायच्या पिशव्या, म्हणजे स्लीपिंग बॅगा, कॅम्पच्याच. उबदार होत्या. पण त्या रोज नवा माणूस वापरतो आणि रोज धुतल्या जात नाहीत, हे मालकानेच मोकळेपणाने सांगितलं. मी घरून अस्तर शिवून नेलं होतं. जुनी मऊ सुती साडी घ्यायची, साडेचार मीटर कापायची, मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना टीप मारायची. एका बाजूची टीप गुडघ्यापर्यंतच ठेवायची म्हणजे आत-बाहेर होता येतं. झोपताना ही पिशवी त्या पिशवीत. वजन नगण्य, घरी येऊन मशीनला टाकली की काम झालं. साडेपाच मीटरच्या साडीतून उरलेल्या मीटरची मी उशीची खोळ केली. रात्री स्वेटर त्यात भरायचा.

एका बाबतीत मालक कडक आहे. शेजारच्या तंबूतल्या मुलांना निखाऱ्यांची शेगडी तंबूच्या आत हवी होती, “फक्त झोप लागेपर्यंत”. त्याने शेगडी उचलून सरळ बांधापलीकडे नेऊन ठेवली. मुलं चिडली. पण बरोबर तोच होता. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. पाण्यात उतरायलाही तो देत नाही, मग कोणी कितीही पोहणारा असो.

जेवण चांगलं. चुलीवरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. दर सांगताना ‘बार्बेक्यू’ म्हणून जे मिरवतात ते बटाटे आणि ढोबळी मिरची सळईला लावून आपणच फिरवायचं काम आहे; त्याऐवजी आणखी एक भाकरी द्या म्हणावं. संडास दोनच, तंबू दहा-बारा. स्वच्छ होते, पण दिवा बाहेर होता आणि आत कडी नव्हती. बायका एकट्या येणार असतील तर हे आधी विचारून घ्या. ही माझी या कॅम्पबद्दलची खरी तक्रार, आणि कडीला किती पैसे लागतात ते मला माहीत आहे.

स्पीकर रात्री दहाला बंद, असा इथला नियम आणि तो पाळला जातो. पलीकडच्या काठावर मात्र कोणाचा तरी डीजे साडेबारापर्यंत चालला होता. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने कोमट असते, म्हणून आवाज वर निघून न जाता वाकून परत खाली येतो. समोरच्या काठावरचं गाणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. म्हणून काठावरचाच तंबू मागू नका. वरच्या खाचरातला, बांधाच्या आडोशाचा मागा. वाराही कमी लागतो.

काजवे डिसेंबरात नसतात, त्यासाठी मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत यावं लागतं. आकाश मात्र याच दिवसांत बघावं, शक्यतो अमावास्येच्या आसपास. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध सगळं ओळीने. अकराच्या सुमाराला व्याधाच्या खाली दक्षिणेला, रतनगडाच्या बाजूच्या डोंगरावर, एक ठळक तारा आला. नणंद म्हणाली, विमान. तो अगस्ती. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी हाच. ज्या प्रवरा नदीवर हे 1926 साली पूर्ण झालेलं दगडी धरण आहे, तिच्याच काठी खाली अकोले गावात अगस्ती ऋषींचं देवस्थान आहे, तेव्हा त्याने इथे दिसावं हे मला अगदी रास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघून घ्या. कोरीवकाम बघायला तासभर तरी ठेवा आणि पुष्करणी, म्हणजे देवळाचं कुंड, चुकवू नका.

कल्याणहून कसारा लोकल, पुढे घोटीमार्गे ठरवलेली जीप. माणशी बाराशे रुपये, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे धरून, जीप वेगळी. शनिवारी दर चढतो आणि मुलांचे घोळकेही वाढतात, आम्ही मंगळवारी गेलो. गुडघे दुखत असतील तर तंबूऐवजी मालकाच्या घरची खोली मागा, तो देतो. पाच पैकी चार तारे. कडी बसली की कळवा म्हणून त्याला सांगून आले आहे, पाचवा तेव्हा देईन.