नव्या तलंगा जुन्या कळपात: रात्री सोडायच्या की जाळीआड ठेवायच्या?

परसात चार-पाच जुन्या कोंबड्या आहेत आणि बाजारातून तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या आणल्या, की सोलापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. जुनी माणसं सांगतात, अंधार पडल्यावर गुपचूप खुराड्यात दांडीवर बसवा, सकाळी त्या एकमेकींच्या झालेल्या असतात. दुसरा सल्ला, मध्ये जाळी लावून आठ-पंधरा दिवस नुसतं एकमेकींना बघू द्या.

रात्रीची पद्धत बिनखर्चाची आहे. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. खरा प्रश्न उजाडल्यावर येतो. आधी कोण खाणार, वरच्या दांडीवर कोण बसणार, हा मानपान कळपात ठरलेला असतो आणि तो नव्याने ठरतो चोचीनेच. तलंगा अंगाने जुन्यांच्या बरोबरीच्या असतील, तीन-चार असतील, पळायला मोकळं परस असेल आणि सकाळी कुणी लक्ष ठेवणार असेल, तरच हे जमतं. एकटी तलंग तर अशी कधीच सोडू नका.

मी जाळीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आपला उन्हाळा. थोडी टोचाटोची तलंग सोसते, पण जुन्या कोंबड्या तिला पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. पारा ४२ च्या पुढे असताना दुपारभर पाणी मिळालं नाही, तर अंगावर ओरखडा नसतानाही ती दगावते. गेल्या एप्रिलात माझी एक अशीच गेली. घमेलं भरलेलं होतं आणि ती भिंतीच्या कोपऱ्यात पडलेली. तेव्हापासून पाणी दोन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवते. जमत असेल तर हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत करा.

जाळी काढायची ती संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याआधी तासभर. मेथीच्या काड्या आणि ज्वारी लांबवर विखरून टाका, म्हणजे चोची कामात राहतात. थोडं टोचणं चालायचंच, मध्ये पडू नका. रक्त दिसलं मात्र, की ती तलंग लगेच वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

एक खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली कोंबडी असेल तर तिसरी वाटही आहे. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री तिच्या पोटाखाली सरकवा. तिने स्वीकारली, तर पुढची भांडणं तीच निस्तरते. तलंगांना मात्र याचा उपयोग नाही.

पद्धत कुठलीही घ्या, आधी किमान दोन आठवडे, जमल्यास महिनाभर, नव्या कोंबड्या परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दिसायला ठणठणीत कोंबडीही रोग घेऊन येऊ शकते. रोज आधी जुन्यांचं दाणापाणी करा, मग नव्यांचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का, तेही विचारून घ्या.

एकत्र झाल्यावर खाद्याचा घोळ होतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, तेवढं तलंगेच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या लागेल तसा तो खातात.