ग्वांगझूच्या बाजारात वजनाच्या नावाखाली झालेली लूट

कँटन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझूच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, जाणारी आपली माणसं आता कमी राहिलेली नाहीत. कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे, नाशिक, भिवंडी, सगळीकडून लोक ग्वांगझूला येतात. १९५७ पासून वर्षातून दोनदा भरणारं हे प्रदर्शन टप्प्याटप्प्याने चालतं आणि दोन टप्प्यांच्या मध्ये मोकळे दिवस मिळतात. ते कुणी हॉटेलात बसून काढत नाही, बाजार पालथे घालतो. अशाच एका मोकळ्या दिवशी दाजींना आणि मला लुबाडलं. ज्या युक्तीने लुबाडलं ती चीनमध्ये जुनी आहे आणि चिनी पर्यटकही तिला बळी पडतात. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

२०१९ चा ऑक्टोबर. यंत्रं आणि हार्डवेअरचा पहिला टप्पा १९ तारखेला संपला, दुसरा २३ ला सुरू व्हायचा होता. आम्ही सकाळीच यीदे रोडला गेलो. तिथलं दगडी चर्च बघण्यासारखं आहे. १८६३ ते १८८८ अशी पंचवीस वर्षं त्याचं काम चाललं होतं. त्याच रस्त्यावर खेळणी, स्टेशनरी आणि सुक्या मासळीची घाऊक दुकानं लागतात. दाजी मूळचे मालवणचे, सुकटीच्या पोत्यांपुढून ते हलेनात. एका बाईने सोड्यासारखी सुकवलेली कोळंबी मधोमध मोडून त्यांच्या हातावर ठेवली, वास घ्यायला लावला, काट्यावर पाव किलो तोलली, कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला आणि मग पिशवी बांधली. व्यवहार असा चोख, की आम्ही निर्धास्त झालो.

तिथला भाव असतो 'जिन्'चा. मुख्य चीनमध्ये जिन् म्हणजे बरोबर अर्धा किलो. त्याचे दहा भाग म्हणजे 'ल्यांग', पन्नास ग्रॅमचा. १९५९ पर्यंत एका जिन्‌चे सोळा ल्यांग असत, ते सरकारने दहा केले. हाँगकाँगमध्ये मात्र अजून सोळाचाच हिशेब आहे आणि तिथला जिन् सहाशे ग्रॅमच्या थोडा वर जातो. भाजी, फळं, मासे, सुकामेवा, जे काही उघड्यावर विकतात त्याच्या पाटीवर आकडा असला की तो जिन्‌चा, हे सकाळभर बघून आमच्या डोक्यात बसलं होतं. लुबाडणाऱ्यालाही हेच हवं असतं.

दुपारी चिंगपिंगच्या भागात गेलो. आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर १९७९ मध्ये जे पहिले खुले बाजार उघडले, त्यांतला हा एक. जडीबुटीसाठी त्याचं नाव मोठं. कालव्यापलीकडे शामियान बेट, जुन्या ब्रिटिश-फ्रेंच वसाहतीच्या इमारती, वडांची सावली. आणि अलीकडे सुकवलेले समुद्रघोडे, काड्यांवर ताणून वाळवलेल्या पाली, हरणाच्या शिंगांच्या चकत्या, शेवंतीची फुलं, अळंबीचे डोंगर. फिरायला हा भाग अप्रतिम आहे, जरूर जा. आमच्यासोबत जे झालं ते बाजारपेठेत दुकान थाटून बसलेल्या जुन्या व्यापाऱ्याकडे झालं नाही. बाजूच्या गल्लीतलं लहानसं दुकान होतं ते.

दाजींच्या आईंचे गुडघे दुखतात. दुकानात एक म्हातारा गिऱ्हाईक आधीच उभा होता. त्याने पँट वर करून स्वतःचा गुडघा दाखवला, उठाबशा काढल्यासारखं केलं आणि एका पेटीकडे बोट केलं. तो दुकानाचाच माणूस होता, हे आज सांगतो. पुढे भांडण सुरू झाल्यावर तोच काउंटरच्या आत जाऊन चहा पीत बसला होता. पेटीत सानछी होती. ही चीनच्याच युनान प्रांताकडची मुळी, करड्या रंगाची, सुंठीच्या कुड्यासारखी गाठाळ, आणि दगडासारखी कडक. पाटीवर ठळक ९८. पाटीचा खालचा भाग एका पुडक्याने झाकलेला. ९८ युआनला अर्धा किलो, म्हणजे तेव्हाच्या भावाने हजार रुपयांच्या आत. दाजींनी तीनशे ग्रॅम सांगितली. साठ युआनच्या आतला मामला.

पोऱ्याने वजन केलं. काट्यावर आकडा तीनशेच होता, वजनात खोट नव्हती. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, पावडर करून देतो, फुकट. मुळी इतकी कडक की घरी ती कुटणार कोण, म्हणून यात वावगं काही वाटत नाही. स्टीलच्या छोट्या यंत्रात त्याने सगळी मुळी एकदम ओतली, झाकण आवळलं, बटण दाबलं. कान बधिर करणारा आवाज झाला आणि मिनिटभरात पिवळट करडी पूड तयार. ती पिशवीत भरून, तोंड सील करून, मग त्याने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला.

२९४०.

दाजी म्हणाले, "अरे, एक शून्य जास्त पडलंय का बघ." मी पोऱ्याला ९८ दाखवलं. त्याने पाटीपुढचं पुडकं बाजूला केलं. खाली नखाएवढ्या अक्षरांत '१० ग्रॅम' असं चिनीत लिहिलं होतं. भाव दहा ग्रॅमचा होता. एकोणतीस हजार रुपयांची पूड.

घ्यायची नाही म्हटलं तर उत्तर तयार होतं: दळलेली मुळी दुसऱ्या कुणाला कशी विकू? तोपर्यंत दोन धट्टेकट्टे गडी दाराशी येऊन उभे राहिले. हात कुणी लावला नाही, शिवीही दिली नाही, फक्त वाट अडवली. "चल पोलिसांकडे" असं पोऱ्याच म्हणायला लागला, आणि परक्या मुलुखात ही धमकी माणसाला गारठवते. घासाघीस होऊन दोन हजार युआनवर सुटका झाली. पैसे रोख. पावती मागितली तर नुसता हात हलवला.

या सगळ्या सापळ्याचा जीव दळण्यात आहे. भाव चढा असणं हा गुन्हा नव्हे, वजन खरंच असतं, पाटीवर एककही कुठेतरी लिहिलेलं असतं. पण माल कापला, चिरला किंवा दळला की गिऱ्हाईकाला मागे फिरायची वाट राहत नाही. हाँगकाँगच्या औषधी दुकानांत जिनसेंगच्या चकत्या करून असंच करतात: भाव जिन्‌चा वाटतो आणि चकत्या पडल्यावर तो ल्यांगचा किंवा त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा निघतो. शेंडाँग प्रांतातल्या चिंगडाओ शहरात २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये एका खाणावळीत कोळंबी ३८ युआनला एक बशी समजून लोकांनी मागवली आणि बिलाच्या वेळी कळलं की ३८ एकेका कोळंबीचे. ते प्रकरण चीनभर गाजलं आणि खाणावळीला ९० हजार युआन दंड झाला. म्हणजे तिथल्या लोकांनाही याची चीड आहे. 'चिनी माणूस असाच' म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच थांबवतो.

आमचे पैसे परत आले तेही तिथल्याच एका मुलीमुळे. प्रदर्शनासाठी दुभाषी म्हणून जी मुलगी ठरवली होती, तिने सगळं ऐकल्याबरोबर १२३१५ ला फोन लावला. हा तिथला ग्राहक तक्रारीचा क्रमांक. त्यांनी दुकानाचा पत्ता, पावती आणि फोटो मागितले. पावती नव्हती, पण आत शिरताना मी समुद्रघोड्यांच्या बरणीचा फोटो काढला होता आणि त्याच्या कोपऱ्यात सानछीची पेटी आली होती: पाटी, ९८, आणि खालचा भाग झाकणारं पुडकं, सगळं स्वच्छ. वस्तूची किंमत एककासह दिसेल अशी मांडणं चीनच्या किंमत कायद्याने दुकानदारावर बंधनकारक आहे, आणि ग्राहक हक्क कायद्यात २०१४ पासून फसवणुकीबद्दल तिप्पट भरपाईची, किमान ५०० युआनची तरतूद आहे. तिप्पट मिळवायला थांबणं आम्हाला शक्य नव्हतं. अधिकाऱ्याचा फोन गेल्यावर दुकानदाराने दीड हजार युआन हॉटेलवर आणून दिले आणि पूड परत नेली.

त्यामुळे सांगतो, तिथे भाव विचारताना बोट पाटीवर ठेवा आणि खालचं पुडकं स्वतः उचलून बघा. तोलून झालं की दळायच्या, कापायच्या आधी एकूण रक्कम कॅल्क्युलेटरवर आणायला लावा आणि त्या आकड्याचा काट्यासकट फोटो काढा. प्रामाणिक दुकानदार याला हरकत घेत नाही; यीदे रोडच्या त्या बाईने न सांगता हेच केलं होतं. चहा घेतानाही तसंच, कारण चांगल्या चहाचा भाव पुष्कळदा ल्यांगचा सांगतात आणि आपण तो अर्ध्या किलोचा धरतो. शांघायच्या नानजिंग रोडवर किंवा बीजिंगच्या वांगफुजिंगला कुणी हसतमुख मुलं-मुली फोटो काढायच्या निमित्ताने ओळख करून चहा प्यायला चला म्हणाली, तर जाऊच नका. तिथे बिल घोटाघोटावर चढतं.

वाट अडवली तर दुकानदाराच्या पोलिसांच्या धमकीला भिऊ नका, उलट ११० तुम्हीच लावा. पैसे रोख देण्यापेक्षा अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल अ‍ॅपने द्या. २०२३ पासून त्यांना परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडणं सोपं झालंय आणि पैसे कुणाला गेले याची नोंद राहते. दुकानातून निघताना पाटीचा आणि घर क्रमांकाचा फोटो घ्या. १२३१५ वर चिनी बोलणारं कुणी सोबत असलेलं बरं. हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगितलं तर ते लावून देतात, आणि तक्रार शहर सोडायच्या आधीच करा, कारण अधिकारी दुकानदाराशी बोलून तुम्हाला पुन्हा फोन करतात.