बालशिक्षणात डिग्री करू का माँटेसरी डिप्लोमा? दोन्ही केलेलीचं मत

"मला लहान मुलं खूप आवडतात, मग डिग्री करू का डिप्लोमा?" हा प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, आणि मी दोन्ही केलंय, तेही उलट्या क्रमाने, आधी डिप्लोमा, मग काही वर्षं शिकवलं आणि मग डिग्री, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे वय. अर्ली चाइल्डहूड म्हटलं की सगळ्यांना फक्त बालवाडी दिसते, पण युनेस्कोच्या व्याख्येत जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ त्यात येतो. म्हणजे रांगणारं बाळही आलं आणि वजाबाकीत हातचा विसरणारं पोरगंही आलं. डिग्रीत हा सगळा पट्टा शिकवतात. माँटेसरीत वयोगटाप्रमाणे वेगवेगळे कोर्स असतात, शून्य ते तीन वेगळा, तीन ते सहा वेगळा, सहा ते बारा वेगळा, आणि बहुतेक जणी तीन ते सहाचा करतात. तान्ह्या बाळांसोबत काम करायचंय आणि हातात तीन ते सहाचं सर्टिफिकेट, असं झालेली माझी एक मैत्रीण आहे, तर आधी हे बघा.

आता डिप्लोमात नक्की करतात काय. गुलाबी मनोरा हे माँटेसरीचं साधन घ्या. दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. रचायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण मुलाला तो 'दाखवायला' शिकायला मला जवळजवळ आठवडा लागला. ठोकळा कसा धरायचा, कुठे बसायचं म्हणजे आपला हात मुलाच्या नजरेआड येणार नाही, आणि मुख्य म्हणजे हात चालू असताना तोंड बंद. मी सवयीने बडबडत होते, "बघ हां, आता हा मोठा, आता हा त्याच्यावर", तर आमच्या ट्रेनर बाई म्हणाल्या, तू सांगतेयस का दाखवतेयस, एक काय ते ठरव, त्याचं लक्ष दोन्हीकडे राहणार नाही. ते आजही डोक्यात आहे. मग प्रत्येक साधनाचं असंच, आणि ते सगळं चित्रांसकट स्वतःच्या अल्बममध्ये उतरवायचं, बोटं मोडून येतात अक्षरशः. पण पहिल्या दिवशी वर्गात उभं राहिल्यावर आता काय करू असं होत नाही, हात आपोआप चालतात.

डिग्रीत याच्या उलट. तिथे साधन हातात यायच्या आधी पियाजे येतो, वायगॉट्स्की येतो, बाउल्बी येतो, म्हणजे मुलांच्या मनाचा अभ्यास केलेली मंडळी, मग पोषण, प्रथमोपचार, विशेष गरजा असलेली मुलं, पालकांशी कसं बोलायचं हे येतं. यातलं बरंच परीक्षेपुरतं पाठ होतं, खोटं कशाला बोला. काही गोष्टी मात्र डोळ्यांनी बघितल्या की सुटत नाहीत. सारखं पाणी असलेले दोन सारखे ग्लास, त्यातल्या एकाचं पाणी मुलासमोरच उंच बारीक ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? चार-पाच वर्षांचं पोर सहसा बेधडक उंच ग्लासाकडे बोट दाखवतं, आणि तुम्ही परत ओतून दाखवलंत तरी दाखवतं. त्यानंतर "किती वेळा सांगितलं तरी याला कळतच नाही" हे वाक्य माझ्या तोंडून कमी झालं.

आणि निरीक्षण वही. ही माझ्या मते डिग्रीतली सगळ्यात कामाची गोष्ट, आणि सगळ्यात कंटाळवाणीही. मी एका मुलाबद्दल लिहिलं होतं, "हट्टी आहे, हाक मारली की मुद्दाम दुर्लक्ष करतो." मॅडमनी लाल पेनने खोडलं आणि बाजूला लिहिलं, काय दिसलं ते लिही. मग परत बसले. हाक कुठून मारली, तो कुठे बसला होता, वळला का, किती वेळाने, असं तीन दिवस. तिसऱ्या दिवशी वही वाचताना लक्षात आलं की डाव्या बाजूने हाक मारली की तो लगेच वळतो आणि उजवीकडून मारली की ढिम्म. पालकांना सांगितलं, तपासणीत कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं, या वयात हे बऱ्याच मुलांना होतं. डिप्लोमातही निरीक्षण होतं, पण आमच्याकडे जास्त भर मूल साधन कसं वापरतंय यावर होता, आणि मी नोकरीत वर्षभर अशा किती मुलांना हट्टी म्हटलं असेल देव जाणे.

डिग्रीचा वैताग म्हणजे प्रात्यक्षिक. काही ठिकाणी वर्षातून जेमतेम काही आठवडे मुलांमध्ये पाठवतात आणि बाकी सगळं वर्गात बसून, खेळातून शिक्षण हा विषय आम्ही जमिनीला ठोकलेल्या बाकांवर बसून शिकलो, आता बोला.

सर्टिफिकेटचं बघाच. माँटेसरी हे नाव कोणाच्या एकाच्या मालकीचं नाही, त्यामुळे कोणीही बोर्ड लावू शकतं आणि कोणीही तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स विकू शकतं. स्वतः मारिया माँटेसरींनी मुलाला सोबत घेऊन 1929 मध्ये एएमआय (असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल) ही संस्था काढली, तिच्याशी संलग्न कोर्स वेगळे आणि नुसतं नाव लावलेले वेगळे, तर कागदावर सही कोणाची आहे ते विचारा. नाहीतर ठोकळ्यांचे व्हिडिओ बघून ठोकळे दाखवता येत नाहीत हे पैसे भरल्यावर कळतं. डिग्रीच्या बाबतीत प्रश्न वेगळा, तुम्हाला जिथे नोकरी करायची तिथल्या नियमात ती चालते का, आणि त्यावर पुढे पहिली-दुसरीला शिकवता येतं का. येत असेल तर तो मोठा फायदा, कारण बऱ्याच ठिकाणी छोट्यांच्या शिक्षकांना मोठ्यांच्या शिक्षकांपेक्षा पगार कमी असतो, काम मात्र उलट.

सायकॉलॉजी करून मग इकडे येऊ का, असंही विचारतात. या, पण वर्गात उभं राहायचं ट्रेनिंग वेगळं घ्यावं लागेलच.

मग माझं मत? आधीच दुसरी कुठली डिग्री आहे आणि वर्षभरात वर्गात उभं राहायचंय, तर चांगला डिप्लोमा. बारावी नुकतीच झालीय, किंवा पुढे विशेष मुलांसोबत काम, अभ्यासक्रम लिहिणं, शाळा चालवणं असलं काही डोक्यात आहे, तर डिग्रीच, आणि सुट्टीत एखाद्या पाळणाघरात मदत करा म्हणजे प्रात्यक्षिकाची भूक भागेल. गुडघे, आवाज आणि पहिल्या वर्षाची सततची सर्दी दोन्हीकडे सारखीच, त्यात तुलना नाही.

ॲडमिशन घ्यायच्या आधी तिथे जाऊन मुलांच्या वर्गात कोपऱ्यात अर्धा तास बसू द्याल का एवढं विचारा. मला एका ठिकाणी हॉल, प्रोजेक्टर, लायब्ररी, कॅन्टीन सगळं फिरवून दाखवलं, आणि मुलं कुठे आहेत विचारल्यावर म्हणाले, "मुलं दुसऱ्या वर्षाला." मी फॉर्म तिथेच टेबलावर ठेवला आणि आले.