टेक्क्यॉन की तायक्वांदो: लाथ कोरियाचीच, खेळ मात्र दोन

मुलाला शालेय स्पर्धांत उतरवायचं असेल आणि क्लास घराजवळ हवा असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. तायक्वांदो लावा. महाराष्ट्रात त्याचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. टेक्क्यॉन या कोरियातल्या जुन्या लाथांच्या खेळाचा वर्ग मात्र इथे शोधूनही सापडणं कठीण. हा आढावा आहे तो ज्यांच्यासमोर खरोखर निवड आहे त्यांच्यासाठी. म्हणजे शिकायला किंवा नोकरीच्या निमित्ताने सोल, सुवॉनकडे निघालेले (कोरियन कंपन्यांमुळे पुणे परिसरातून हे जाणं-येणं आता नवं नाही), किंवा पांढऱ्या सैल कपड्यांत झुलत झुलत एकमेकांना पाडणाऱ्या माणसांचा व्हिडिओ पाहून ‘ही तायक्वांदोची आई का?’ असा प्रश्न पडलेले. आईचा प्रश्न नंतर घेऊ. आधी दोन्ही खेळांत मैदानावर काय होतं ते पाहू.

टेक्क्यॉनचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोघं लढतायत की ठेका धरतायत हेच कळत नाही. पाय त्रिकोणाच्या टोकांवर पडत राहतात, गुडघे लवतात, सरळ होताना कंबर पुढे झुकते, हात सैल हेलकावे खातात आणि मधूनच ‘ईक!’, ‘एक!’ अशा आरोळ्या उठतात. या पदन्यासाला पुमबाल्गी म्हणतात. लेझीम खेळलेल्या माणसाच्या पायात तो लवकर बसेल, असा माझा अंदाज. पण ते झुलणं शोभेचं नाही. वजन सतत या पायावरून त्या पायावर जात असल्याने लाथ कुठल्या पायाने येणार हे समोरच्याला ओळखता येत नाही. आणि त्याचा कुठला पाय आत्ता हलका झालाय, हे तुम्हाला मात्र टिपता येतं. त्याच क्षणी घोट्यात पाय अडकवून टांग मारली की गडी खाली.

जिंकण्याचे मार्ग दोनच. समोरच्याला पाडा, किंवा त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लाथ लावा. गुडघ्याच्या वरचा भाग जमिनीला टेकला की हरलात. मुठीने मारायचं नाही. लाथसुद्धा इजा करणारी नको, ढकलणारी हवी. तुमच्या दिशेने आलेला पाय हातात धरून तोल घालवायला मुभा आहे. शिवाय एक नियम असा, की एक पाय कायम समोरच्याच्या टप्प्यात ठेवावा लागतो. म्हणजे लांब उभं राहून अंदाज घेत बसणं नाही, पळ काढणं नाही. मला या खेळात सर्वांत जास्त आवडतो तो हाच नियम, कारण त्यामुळे सामना कंटाळवाणा होऊच शकत नाही.

स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकन अभ्यासकाने 1895 मध्ये कोरियन खेळांवरच्या आपल्या पुस्तकात याचं वर्णन करून ठेवलं आहे. दोघं पाय फाकवून समोरासमोर उभे राहतात, एकमेकांचा पाय लाथेने उडवायला बघतात, एक पाऊल मागे घ्यायची परवानगी असते, उंच लाथ चालते आणि ती हाताने पकडता येते, आणि उद्देश काय तर समोरच्याला आडवं करणं. सव्वाशे वर्षांनंतरही खेळ ओळखू येतो.

तायक्वांदोचं मैदान वेगळं. ऑलिम्पिकमध्ये खेळलं जातं ते वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक महासंघाच्या नियमांचं. त्यात अंगावर आणि डोक्यावर इलेक्ट्रॉनिक कवच, कमरेखाली लाथ नाही, धरणं नाही, पाडणं नाही, तोंडावर ठोसा नाही. ठोसा छातीच्या कवचावर बसला तर 1 गुण, लाथ बसली तर 2, डोक्याला लागली तर 3. गिरकी घेऊन मारलेली लाथ अंगावर 4 आणि डोक्यावर 5. एका उडीत सामना फिरतो, आणि ती उडी बघायला थरारक असते यात वाद नाही. पण कवचात सेन्सर आल्यापासून पुढचा पाय हवेत उचलून ठेवायचा आणि त्यानेच टोचत राहायचं, ही सवय बोकाळली. नियम पुन्हा पुन्हा बदलून महासंघ तिला आवर घालू पाहतोय. प्रेक्षक म्हणून मला ती पायांची तलवारबाजी फारशी रुचत नाही. पण शिकणाऱ्याला त्याचं काय? रोजच्या वर्गात सामन्यापेक्षा लाथांचा सराव, फळीवरच्या लाथा आणि पुमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, यांतच बराच वेळ जातो.

एक पोटभेद इथेच सांगायला हवा, कारण फी भरल्यावर तो कळून उपयोग नाही. तायक्वांदोत आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाची, म्हणजे आयटीएफची, वेगळी परंपरा आहे. तिथे तोंडावर ठोसे चालतात, ठरलेले क्रम 24 आहेत आणि त्यांना तुल म्हणतात. ऑलिम्पिकशी तिचा संबंध नाही. आपल्याकडे दोन्हींचे वर्ग चालतात आणि पाटीवर नुसतं ‘तायक्वांदो’ लिहिलेलं असतं. विचारून घ्या.

आता शरीराचं. तायक्वांदो मांडीच्या मागच्या स्नायूंकडून आणि कमरेच्या सांध्याकडून खूप मागतो. डोक्याच्या उंचीवर लाथ न्यायची तर रोज ताण द्यावा लागतो, आणि तो लहान वयात सोपा जातो. पस्तिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी घाई केली की मांडीत लचक ठरलेली. टेक्क्यॉनची सुरुवात या वयात सोयीची वाटते, कारण खालच्या लाथा आणि टांगा यांवरच खेळ उभा राहतो आणि गुडघा कधीही ताठ ठेवत नाहीत. पण त्याला म्हातारपणीचा हलका व्यायाम समजू नका. अंगावर कवच नसतं, माणसं खरोखर पडतात, आणि जमिनीवर रोवलेल्या पायाचा गुडघा पिळला गेला की महिनोन्‌महिने भोगावं लागतं. पडायला शिकवल्याशिवाय सामन्यात उतरवणारा शिक्षक टाळावा. डोक्याला लागण्याचा धोका दोन्हींत आहे. तायक्वांदोत डोक्याला जास्त गुण असल्यामुळे तिकडे लाथा अधिक जातात, एवढाच फरक.

स्वसंरक्षणासाठी म्हणून विचारत असाल तर माझा कल किंचित टेक्क्यॉनकडे. तोल घालवणं, पाय पकडणं, जवळून ढकलणं या गोष्टी रस्त्यावरच्या झटापटीच्या अधिक जवळ जातात. पण मुठींचा सराव नसलेला कुठलाही खेळ त्या कामी अर्धाच, आणि कुणी सहा महिन्यांत निर्भय करून सोडतो म्हणाला तर हसून बाहेर पडा.

आता आईचा प्रश्न. तायक्वांदोच्या बहुतेक क्लासच्या माहितीपत्रकात ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असं छापलेलं असतं. पुरावा म्हणून प्राचीन गोगुर्यो राज्यातल्या थडग्यांच्या भिंतींवरची चित्रं दाखवतात. चित्रात दोन माणसं हात उगारून समोरासमोर आहेत, एवढं खरं. त्यावरून ते कुठली विद्या खेळतायत हे सांगता येत नाही, आणि तिथून आजपर्यंत अखंड धागा दाखवणारं काही हाती नाही. टेक्क्यॉनचे ठोस उल्लेख मिळतात ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, जोसॉन राजवटीत. 1846 सालचं, यु सुक या चित्रकाराच्या नावावर असलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. माणसांचं मोठं कोंडाळं, मध्ये एका बाजूला सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती, दुसऱ्या बाजूला टेक्क्यॉन. म्हणजे हा सणासुदीचा, गर्दीचा खेळ होता. सोलमध्ये वरच्या आळ्या विरुद्ध खालच्या आळ्या असे सामने होत. आधी पोरं उतरत, मग मोठे. जिंकणारा टिकून राही आणि समोरून पुढचा गडी येई.

1910 मध्ये जपानची सत्ता आली आणि असे जमाव, असे खेळ आटले. 1945 ला कोरिया सुटला तेव्हा टेक्क्यॉन जाणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यातले एक सोंग दॉक-गी (जन्म 1893), सोलच्या इनवांग डोंगराखालच्या वस्तीतले, इम हो या गुरूचे शिष्य. आजचं जवळजवळ सगळं टेक्क्यॉन या एका माणसाच्या आठवणीतून आलं आहे.

तायक्वांदोचा जन्म तेव्हाच, पण वेगळ्या घरात झाला. 1940 च्या दशकात सोलमध्ये ज्या व्यायामशाळा, म्हणजे क्वान, उघडल्या, त्यांच्या संस्थापकांपैकी अनेक जण जपानमध्ये कराटे शिकून आलेले. चुंग दो क्वानचे ली वॉन-कुक तर शोतोकान कराटेच्या फुनाकोशींकडे शिकले होते. सुरुवातीचे क्रम, पवित्रे, पांढरा गणवेश, पट्टे, सगळं कराटेचं. स्वतंत्र देशाला जपानी वारसा मिरवणं अवघड होतं, हे समजण्यासारखं आहे. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. 1950 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्हींसमोर लष्कराने प्रात्यक्षिक केलं, नाम ते-ही यांनी ठोशाने 13 कौलं फोडली, आणि ऱ्ही म्हणाले, ‘हे तर टेक्क्यॉन!’ ज्या खेळाच्या सामन्यात मूठ चालतच नाही, त्याचं नाव कौलफोडीला! पुढे 1955 मध्ये जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं, तेव्हा टेक्क्यॉनशी असलेलं ध्वनिसाम्य सोयीचंच होतं. चोईंनी लहानपणी टेक्क्यॉन शिकल्याचंही सांगितलं. त्याला दुजोरा देणारं फारसं काही नाही.

तेव्हा नातं आईचं नाही. पण नातंच नाही असंही म्हणता येत नाही. कराटेच्या ठोशांपासून निघालेला हा खेळ वीस-तीस वर्षांत लाथांचा झाला, आणि पायांना मान देणाऱ्या कोरियन आवडीचा त्यात वाटा असावा, असं मला वाटतं. तंत्राची थेट वारसदारी मात्र दिसत नाही. त्यामुळे ‘मूळ विद्या शिकायची’ म्हणून टेक्क्यॉन निवडणार असाल, तर ते तायक्वांदोचं मूळ नव्हे, स्वतःचंच मूळ आहे, एवढं लक्षात असू द्या.

मान्यतेच्या बाबतीत दोघांचे रस्ते साफ वेगळे गेले. तायक्वांदोला 1972 मध्ये कुक्कीवॉन हे मुख्यालय मिळालं, 1973 मध्ये जागतिक महासंघ झाला, 1988 ला सोलमध्ये प्रात्यक्षिक खेळ आणि 2000 च्या सिडनीपासून ऑलिम्पिक पदकं. टेक्क्यॉन 1983 मध्ये दक्षिण कोरियाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून 76 व्या क्रमांकावर नोंदलं गेलं आणि 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. ती 1983 ची नोंद व्हावी म्हणून चुंगजू शहरातले शिन हान-सुंग यांनी सोंग यांच्याकडचं ज्ञान वर्गवार लावून अभ्यासक्रम केला. दोघंही 1987 च्या जुलैमध्ये गेले, आणि शिष्यांच्या वाटा फुटल्या. आज चुंगजूची वारसा-परंपरा, स्पर्धांवर भर देणारी कोरियन टेक्क्यॉन संघटना, गावसामन्यांची पद्धत जपणारी ग्यॉल्यॉन संघटना आणि लढाऊ बाजू सांभाळणारं विदे टेक्क्यॉन असे चार प्रवाह आहेत. चौघांच्या पुमबाल्गीतसुद्धा फरक दिसतो. कोण अस्सल, या वादात नवख्याने पडू नये.

पट्टा हवा असणाऱ्यांसाठी: टेक्क्यॉनमध्ये रंगीत पट्ट्यांची शिडी मुळात नव्हती. तायक्वांदोत काळा पट्टा घेताना क्लासचं रंगीत प्रमाणपत्र पुरेसं मानू नका. कुक्कीवॉनचं डान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणीचं, प्रमाणपत्र मिळणार का ते विचारा. 15 वर्षांखालच्या मुलांना डानऐवजी पुम ही मुलांची श्रेणी मिळते, त्यात फसवणूक नाही. भारतात एकाहून अधिक संघटना स्वतःला राष्ट्रीय म्हणवत आल्या आहेत, त्यामुळे मुलाला ज्या स्पर्धेत खेळवायचं, तिला कुणाची मान्यता आहे हे आधी बघा.

कोरियात वर्ष-दोन वर्षं राहणार असाल, तर तिथे तायक्वांदोत वेळ घालवू नका. तो इथेही मिळतो. जवळच्या टेक्क्यॉन वर्गात जा, शक्य असेल तर चुंगजूची एक फेरी करा, आणि नाव घालण्याआधी तिथल्या लोकांचा एक सामना बघा: नुसते झुलतायत की खरोखर पाडतायत. दोन-तीन महिन्यांसाठीच निघाला असाल, तर मात्र उलट सल्ला: तायक्वांदोच करा. पुमबाल्गी परत आल्यावर गच्चीवर एकट्यानेही करता येईल, पण टांग मारायला समोर गडी लागतो, आणि तो नाशकात किंवा मडगावात मिळायचा नाही.