विज्ञानाच्या उताऱ्यांची सराव-पुस्तिका: प्रश्न चांगले, उत्तरसूची कच्ची

दहावीतल्या मुलीसाठी दादरच्या एका दुकानातून विज्ञान व पर्यावरणविषयक उताऱ्यांची सराव-पुस्तिका घेतली आणि महिनाभर रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून मी ती पारखली. तिवरांवरचा उतारा उत्कृष्ट आहे: खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी जमिनीबाहेर येतात, एवढे सांगून लेखक थांबतो आणि भराव टाकून ती गाडली तर काय होईल, असे विचारतो. उत्तर उताऱ्यात शब्दशः सापडत नाही. कारणापासून परिणामापर्यंत स्वतःच जावे लागते, आणि आकलनाची खरी परीक्षा मला यातच दिसते. मुलीने आधी उताऱ्यातलेच वाक्य उतरवले, मग ते खोडून ‘झाड गुदमरेल’ असे लिहिले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यावरच्या उताऱ्याखाली मात्र केवळ तारीख आणि आकडा विचारला आहे. मिठी नदीचे पात्र आक्रसल्याचा पुराशी संबंध काय, हा प्रश्न तिथे हवाच होता. उत्तरसूचीत नुसती त्रोटक उत्तरे आहेत, ती उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावरून काढायची याचा पत्ता नाही. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी तेवढे जरूर जोडावे.