एसीच्या खोलीच्या फटी बुजवल्या त्याला वर्ष होत आलं: काय टिकलं, काय नाही

गेल्या मार्चमध्ये नागपूरच्या आमच्या फ्लॅटमधल्या एका बेडरूमच्या दारा-खिडक्यांना रबराच्या आणि ब्रशच्या पट्ट्या लावून घेतल्या. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू काढून झाल्यावर लिहितोय. निकाल आधीच सांगतो: खर्च वसूल झाला. पण सगळ्या पट्ट्या सारख्या कामाच्या नसतात, आणि अख्ख्या घराच्या फटी बुजवायच्या भानगडीत विदर्भात कुणी पडू नये.

अख्खं घर का नाही, तर कूलर. आमच्या हॉलमध्ये आजही कूलरच चालतो. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो, आणि ती ओली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच गारवा लागतो. हॉलच्या खिडक्या घट्ट केल्या तर तासाभरात भिंतींना हात लावला तरी दमटपणा कळतो आणि अंग चिकचिकतं. म्हणून हॉल आणि स्वयंपाकघर तसंच ठेवलं, फक्त एसीची खोली घेतली.

फटी शोधायला काही यंत्र लागत नाही. दुपारी खोलीत अंधार करून उभं राहिलं की उजेडाच्या रेघा दिसतात. रात्री पंखा बंद करून, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवायची. धूर जिथे आडवा होतो तिथे हवा येतेय. दारासाठी कागदाची पट्टी मधे धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर हवंच. आमच्याकडे या तपासणीत एक जागा अशी निघाली की जिचा विचारच कुणी करत नाही: एसीचे तांब्याचे पाइप बाहेर नेण्यासाठी भिंतीत पाडलेलं भोक. पाइपांभोवती दोन बोटं जातील एवढी जागा मोकळी होती. ती पुट्टीने बंद करायला किरकोळ खर्च आला, आणि त्या कोपऱ्यातली झळ त्याच दिवशी थांबली.

आता दार. आमचं दार ९० सेंटिमीटर रुंद. खाली टाइलपर्यंत १२ मिलिमीटरची फट होती. गुणाकार केला तर १०८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जरासं लहान भोक. भिंतीला एवढं भोक असतं तर त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. शिवाय गार हवा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि नेमकी याच फटीतून बाहेर सरकते. तिच्या बदल्यात खिडकीच्या वरच्या बाजूने बाहेरची गरम हवा आत येते. त्यामुळे एकाच जागी पैसे घालायचे असतील तर दाराच्या खालच्या फटीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या फटीसाठी दोन प्रकार वापरून पाहिले. पहिला, दाराखालून सरकवायचा कापडी पट्टा, ज्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या नळ्या असतात. स्वस्त, खिळे-स्क्रू नकोत, दोन मिनिटांत बसतो. फट बंद होते, यात वाद नाही. पण आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते. ओल्या पोछ्याने कापड भिजतं, धूळ धरतं, आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास यायला लागला. धुऊन वाळवून पुन्हा लावायचं तर फोम आकसलेला. भाड्याच्या घरात एका उन्हाळ्यापुरता ठीक आहे, स्वतःच्या घरात नको. दुसरा, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला नायलॉनचा ब्रश, जो दाराला आतल्या बाजूने स्क्रूने लावतात. तो अजून जसाच्या तसा आहे. ब्रश शंभर टक्के हवा अडवत नाही, पण टाइल थोडी वर-खाली असली तरी दार अडकत नाही. झुरळं यायची थांबली, त्यासाठी आईने त्याला वेगळे मार्क दिले आहेत.

चौकटीच्या खाचेत, म्हणजे जिथे दार येऊन टेकतं तिथे, आधी फोमची चिकटपट्टी लावली होती. मे महिना संपेपर्यंत ती चपटी होऊन बसली, नख लावलं की पिवळा भुगा निघायचा. उष्णतेत तिचा गोंदही ओघळतो. त्या जागी ईपीडीएम रबराची आतून पोकळ, डी आकाराची पट्टी लावली. गाड्यांच्या दारांना हेच रबर असतं. ऊन, पाऊस सहन करायलाच ते बनवलेलं आहे. लावण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करणं फार महत्त्वाचं, ऑइलपेंटवर धूळ राहिली तर पट्टी आठवड्यात सुटते. आणि जाडी निवडताना पावसाळा धरून चाला. लाकडी दार जुलैमध्ये फुगतं. मार्चमध्ये जी पट्टी छान घट्ट वाटते, तिच्यामुळे श्रावणात कडी लागत नाही. त्यामुळे बिजागरीच्या बाजूला पातळ आणि कडीच्या बाजूला जरा जाड, असं करून घेतलं. अख्ख्या पावसाळ्यात दार एकदाही अडलं नाही.

खरी मेहनत खिडकीची. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या असतात, दोन काचेची शटर आणि तिसरं जाळीचं. स्लायडिंगला रबर चिकटवून उपयोग नाही, कारण शटर सरकलं पाहिजे. तिथे काम करते ती वूलपाईल, शटरच्या कडेला खाचेत बसवलेली बारीक केसांची पट्टी. स्लायडिंगवाल्याला बोलावलं. त्याने शटर वर उचलून तिरकं करून बाहेर काढलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठा काळा झाला होता, पण केस हलले नव्हते. धूळ, रंगाचे शिंतोडे आणि वर्षानुवर्षांची सरकवासरकव, सगळं मिळून ते आडवे होऊन घट्ट बसले होते.

"काका, शटर चांगलं आहे. वूलपाईल मेली आहे सारी. ही बदलली की हवा बी कमी अन् आवाज बी."

तसंच झालं. जुनी पट्टी पकडीने ओढून काढली, खाच ब्रशने साफ केली, नवी सरकवली आणि टोकाला खाच जराशी दाबली, म्हणजे पट्टी घसरत नाही. दोन शटर जिथे एकमेकांवर येतात ती मधली उभी जागा सगळ्यात गळकी असते, तिथली पट्टी स्वतः उभं राहून बघा. केसांची उंची जास्त झाली तर शटर ओढायला जोर लागतो, कमी झाली तर बदलून न बदलल्यासारखं. चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग बाहेरून सिलिकॉनने भरून घेतली.

एक गोष्ट कारागिराला बजावून सांगा: खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने जी लहान भोकं किंवा चिरा असतात, त्या बुजवायच्या नाहीत. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. त्या बंद झाल्या तर ट्रॅक भरतो आणि पाणी थेट गादीवर.

फरक किती पडला? एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, २६ वर आणि सोबत पंखा. त्याला वेगळा मीटर लावलेला आहे. पट्ट्या लावण्याआधीच्या उन्हाळ्यात, नवतपाच्या म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या तापलेल्या रात्री साधारण सात-साडेसात युनिटं पडायची, त्याच तोडीच्या रात्रींना आता सहाच्या आसपास पडतात. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, दोन रात्री कधी तंतोतंत सारख्या नसतात. पण वाचलेलं युनिट महाग युनिट असतं हे लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. वापर कमी होतो तो सगळ्यात वरच्या टप्प्यातून.

संध्याकाळी मात्र फारसा फरक नाही. आमचा वरचा मजला आहे, दिवसभर तापलेला स्लॅब दहा-अकरापर्यंत उष्णता टाकत राहतो. ती उष्णता फटीतून येत नाही, त्यामुळे पट्ट्या तिला अडवूही शकत नाहीत. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर देणं हे त्यावरचं वेगळं काम. मध्यरात्रीनंतर, स्लॅब निवला की कॉम्प्रेसर अगदी हळू चालतो, तिथे पट्ट्यांची कमाई दिसते.

मला सगळ्यात जास्त पटलं ते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा बाहेरची हवा नुसती गरम नसते, ओली असते, आणि एसीची बरीच ताकद ते बाष्प पिळून काढण्यात जाते. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे २४५० किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.६८ युनिटाइतकी उष्णता ओढून घ्यावी लागते. एसी तीनपटीच्या हिशोबाने चालतो, म्हणजे एक युनिट विजेत तीन युनिटांइतकी उष्णता ओढतो असं धरलं, तर विजेचं जवळपास पाव युनिट त्यातच गेलं. आमच्या एसीचं पाणी बाल्कनीत बादलीत पडतं. आधीच्या पावसाळ्यात सकाळी बादली काठोकाठ असायची, या वेळी निम्म्याच्या थोडी वर. मुंबई-ठाण्याकडे, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना हा फायदा वर्षातले कितीतरी महिने मिळेल.

डिसेंबरच्या थंडीत हीटर लावायची वेळ आली नाही, आणि रस्त्याचा आवाज व धूळ दोन्ही कमी झाली.

काळजीच्या गोष्टी दोन. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोली घट्ट झाल्यावर तिघे झोपलो की पहाटे कोंदट वाटतं. उठल्याबरोबर खिडकी थोडा वेळ सताड उघडायची, आणि झोपताना बाथरूमचा एक्झॉस्ट बंद करायचा, नाहीतर तो गार केलेली हवाच बाहेर फेकत राहतो. दुसरी गोष्ट जिवाची आहे. गॅस गीझर असलेल्या बाथरूमच्या फटी किंवा झरोका कधीही बुजवू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. स्वयंपाकघराच्या दाराखालची फटही मोकळी ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगतच पसरतो.

वूलपाईल, रबर, ब्रश, सिलिकॉन आणि मजुरी धरून आम्हाला दोन-अडीच हजार लागले. वूलपाईल अ‍ॅल्युमिनियम सेक्शन विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते. जाताना जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा सोबत न्या, पण केसांची उंची त्याच्या मधल्या झिजलेल्या भागावरून घेऊ नका. शटरच्या वरच्या टोकाशी ती कमी झिजलेली असते, तिथला तुकडा कापून न्या.