उद्यमनगरातल्या मामांनी माझा जाम झालेला राउटर उघडला तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या रांगेत एक दहा बाय बाराचा गाळा आहे. दारावर पाटी नाही. आत ग्राइंडर, ड्रिल, कटर, राउटर (लाकडाच्या कडा आणि खाचा कोरायचं हातमशीन) असं उघडं पडलेलं सामान, आणि मधोमध लोखंडी टेबलाशी बसलेले साठीच्या आसपासचे मामा. ज्यांचं पोट लाकूडकामाच्या मशीनवर आहे त्यांना या जागेबद्दल कळावं म्हणून मनापासून लिहिते आहे.

मी सावंतवाडीत देव्हारे, चौरंग आणि पाट करते. बाबांनी सुरू केलेला कारखाना आता मी आणि दोन कामगार चालवतो. राउटर अर्ध्या इंची, प्लंजचा, म्हणजे दोन दांड्यांवर खाली-वर सरकणारा, नऊ वर्षं वापरातला. कडांचं मोल्डिंग, खाचा, देव्हाऱ्याच्या दाराची बिजागरीची बैठक, सगळं त्याच्यावरच होतं. यंदा पावसाच्या सुरुवातीला काम कमी होतं म्हणून दीड महिना तो कपाटात राहिला, तोही बिट, म्हणजे लाकूड कापणारं टोक, न काढता. चतुर्थीसाठी ११ चौरंगांची ऑर्डर आली आणि मशीन बाहेर काढलं, तर दोन्ही दांड्यांवर तांबूस गंज. खाली दाबलेलं मशीन वर येईना. बिट कॉलेटमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीत, सिमेंटात रोवल्यासारखं. बटण दाबलं तर नुसतं घूं करून थांबलं. मी लगेच प्लग काढला.

जवळच्या एका ठिकाणी नेलं. त्यांनी नटाला पाइप पाना लावला. नटाच्या कडांवर पान्याचे दात उमटले, बिट काही हललं नाही, आणि तासाभराने उत्तर मिळालं, "आर्मेचर गेलंय, नवीन घ्या." आर्मेचर म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग. नवीन मशीन म्हणजे १५,००० च्या वर. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा जास्त हे लागलं होतं की या मशीनचा हात मला माहीत आहे, त्याचा आवाज ऐकून मला कळतं लाकूड कुठे कडक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आंबोली, आजरा करत कोल्हापूर गाठलं, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला राउटर घेऊन.

मामांनी मशीन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो लाकडाचा. "ताई, कंचं लाकूड मारता ह्याच्यावर?" मी म्हटलं, सागवान, फणस, कधी प्लाय. "फणूस सुकलेला असतोय का?" खरं सांगितलं, की घाईत कधीकधी पुरता सुकलेला नसतो. त्यांनी मान हलवली आणि बिटच्या बुडाशी साठलेला काळा थर नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. बोटांत चोळला तर चिकट. "ह्यो भुसा न्हाई, डिंक झालाय. चीक आनि पिलायचा गोंद, तापून तापून."

पाइप पान्याचे दात त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत. नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारला, मशीन आडवं ठेवलं आणि चहा मागवला. वीस मिनिटांनी स्पिंडलचं (बिट फिरवणाऱ्या दांड्याचं) लॉक दाबून बरोबर मापाचा पाना लावला. नट सैल झाला, थोडा हाताने फिरला आणि पुन्हा अडकला. इथेच मी घरी हात टेकले होते, आणि मला वाटतं बरेच जण इथेच चुकतात. बऱ्याच राउटरमध्ये नट दोनदा सोडवायचा असतो. पहिल्यांदा पकड ढिली होते, आणि नट परत घट्ट लागतो तेव्हा तो कॉलेटला धरून बाहेर ओढत असतो. मामांनी त्या दुसऱ्या घट्टपणावर पान्याला एकच झटका दिला. टक् असा बारीक आवाज आला आणि जे बिट मी दोन दिवस ओढत होते ते दोन बोटांनी बाहेर आलं.

बिटची दांडी त्यांनी उजेडात धरली. तिच्यावर तपकिरी कडी होती आणि बारीक ओरखडे, म्हणजे चालू असताना ते कॉलेटमध्ये घसरत होतं. टोकाला एक चकचकीत ठिपका, म्हणजे ते पार तळाला टेकलेलं होतं. कॉलेट आवळताना बिटला जरासं आत खेचतो. तळाला टेकलेल्या बिटला जायला जागाच नसते, मग पकड अर्धवट बसते आणि सोडवताना अडकते. म्हणून बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायचं, मग आवळायचं. मशीन मिनिटाला २२,००० फेरे घेतं. घसरणारं बिट त्या वेगात हातातल्या मशीनमधून सुटलं तर काय होईल, ते मामांनी मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं. कॉलेट आतून झिजलेला होता, तो बदलला. कॉलेटही मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनसारखाच झिजणारा भाग आहे हे नऊ वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बिट नसताना नट आवळून ठेवू नका, कॉलेट बिघडतो, हेही त्यांनी बजावलं.

आता आर्मेचर, ज्याला गेलेलं ठरवलं होतं. त्यांनी ते बाहेर काढून ग्राउलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या यंत्रावर, ठेवलं आणि वर हॅकसॉचं पातं धरून आर्मेचर गाळा-गाळा, म्हणजे वाइंडिंगची एकेक खाच करत, फिरवलं. वाइंडिंग आतून शॉर्ट असेल तर त्या गाळ्यावर पातं थरथरतं. माझ्या हातात पातं देऊन ते म्हणाले, "तुमीच बगा." मी सगळे गाळे फिरवले. पातं एकदाही थरथरलं नाही. त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

जाम झालं होतं ते खालचं, कॉलेटच्या बाजूचं बेअरिंग. ग्रीसमध्ये भुसा मिसळून त्याची खळ झाली होती. जुन्या बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड होतं, म्हणजे पत्र्याचं झाकण. त्यांनी त्याच नंबराचं टू-आरएस घातलं, रबरी सीलचं, कारण आमच्याकडची हवा दमट आणि भुसा बारीक. बसवताना नळीचा तुकडा घेतला आणि दाब फक्त आतल्या कड्यावर दिला. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर सगळा मार गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. एक कार्बन दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला होता, तर जोडीच बदलली.

दांड्यांसाठी मी घरून तेलाची बाटली नेली होती. मामांनी ती बाजूला सारली. तेलावर भुसा बसतो, त्याची पेस्ट होते आणि महिन्यात पुन्हा जाम. त्यांनी दांड्या स्कॉचब्राइटने घासल्या, थिनरने पुसून कोरड्या केल्या आणि वर गाडीच्या पॉलिशचं मेण लावून फडक्याने चकाकवलं. राउटर इतका हलका खाली-वर व्हायला लागला की नवा असतानाही तसा होता का, मला आठवेना.

खर्च असा: बेअरिंग ३५०, कॉलेट ६५०, कार्बन १२०, मजुरी ४००. एकूण १,५२० रुपये. जुने भाग पिशवीत घालून परत दिले, न मागता.

आता खटकलेल्या गोष्टी. चार दिवस सांगितले होते, सात लागले, कारण माझ्या मापाचा कॉलेट मागवावा लागला. मधल्या दिवसांत फोन केले तर उचलला नाही, आणि चतुर्थी जवळ आलेल्या माणसाला हे फार जड जातं. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर हिशोब. कुरियरने मशीन घेत नाहीत, स्वतः जावं लागतं, आणि लांबून येणाऱ्याला बसायला स्टूलसुद्धा नाही. मामांनी निदान एका फोनपुरता माणूस ठेवावा असं मला कळकळीने वाटतं, कारण त्यांचं काम त्या लायकीचं आहे.

११ चौरंग चतुर्थीच्या चार दिवस आधी पोचते झाले. आता रोज काम संपलं की बिट काढते, कॉलेट पितळी ब्रशने साफ करते आणि ब्लोअरने मोटरच्या जाळीतला भुसा उडवते. पावसाळ्यात मशीन झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

तुम्ही जाणार असाल तर उद्यमनगरात शिरून राउटर-ग्राइंडरवाले मामा कुठे बसतात ते कुठल्याही लेथवाल्याला विचारा. सोमवारी बंद. मशीनसोबत त्याचे पाने न्या, आणि अडकलेलं बिट जसं आहे तसंच राहू द्या, घरी ठोकू नका.